आर्सेनलला हरवलं, व्हिलाला हरवलं आणि चौथ्या श्रेणीतला ब्रॅडफर्ड फायनलला पोहोचला : गोष्ट २०१२-१३ च्या लीग कपची

फुटबॉलमध्ये धक्कादायक निकाल लागणं काही नवीन नाही. एखाद्या रात्री दुबळा संघ तगड्या संघाला हरवतो, दोन दिवस त्याचे व्हिडिओ फिरतात आणि विषय संपतो. पण २०१२-१३ च्या सीझनमध्ये इंग्लंडमधल्या चौथ्या श्रेणीच्या एका क्लबने हे एकाच स्पर्धेत तीन वेळा केलं. प्रीमियर लीगचे तीन संघ घरी पाठवले आणि थेट वेम्ब्लीवर फायनल खेळायला उतरला. त्या क्लबचं नाव ब्रॅडफर्ड सिटी आणि स्पर्धा होती इंग्लंडचा लीग कप.

तिकडच्या फायनलमध्ये समोर होता वेल्समधला स्वान्सी सिटी. दहा वर्षांपूर्वी हे दोन क्लब कुठे होते ते पाहिलं, की ही फायनल आणखी वेगळी वाटायला लागते. त्याबद्दल पुढे येईलच. आधी ही स्पर्धा काय आहे ते बघू.

लीग कप म्हणजे नेमकं काय?

इंग्लंडमध्ये क्लबांसाठी दोन मोठे कप आहेत. पहिला एफए कप, जो १८७१ पासून चालू आहे आणि ज्यात गावपातळीवरचे क्लबही नाव नोंदवू शकतात. दुसरा लीग कप. हा १९६०-६१ मध्ये सुरू झाला. मैदानांवर फ्लडलाइट आले होते, आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्री सामने घेणं शक्य झालं होतं आणि लीगच्या क्लबांना तिकिटांचे जादा पैसे हवे होते. लीगचे सचिव ॲलन हार्डकर यांनी ही स्पर्धा पुढे रेटली. सुरुवातीला मोठ्या क्लबांनी नाकं मुरडली, काहींनी तर भागच घेतला नाही. पण विजेत्याला युरोपात खेळायची संधी आणि १९६७ पासून वेम्ब्लीवर फायनल, या दोन गोष्टी आल्यावर सूर बदलला.

स्पॉन्सर बदलला की या कपचं नावही बदलतं, त्यामुळे गोंधळ होतो. आज जो काराबाओ कप म्हणून ओळखला जातो, तो त्याआधी कार्लिंग कप होता आणि २०१२-१३ मध्ये नुकताच कॅपिटल वन कप झाला होता. कप तोच.

यात खेळतात ९२ क्लब. प्रीमियर लीगचे २०, त्याखाली चॅम्पियनशिपचे २४, त्याखाली लीग वनचे २४ आणि सगळ्यात खाली लीग टूचे २४. नावांवर जाऊ नका, लीग वन म्हणजे तिसरी श्रेणी आणि लीग टू म्हणजे चौथी. वरच्या क्लबांना उशिरा प्रवेश मिळतो. त्या वर्षी पहिल्या फेरीत खालच्या तीन श्रेणींतले ७० क्लब खेळले, दुसऱ्या फेरीत युरोपात न खेळणारे प्रीमियर लीगचे संघ आले आणि युरोपात खेळणारे सात संघ तिसऱ्या फेरीत उतरले. त्यामुळे तळातल्या क्लबला फायनल गाठायची तर सहा टप्पे पार करावे लागतात. सेमीफायनल दोन सामन्यांची, बाकी सगळं एका रात्रीत निकाली. ९० मिनिटांत बरोबरी झाली तर ३० मिनिटांचा जादा वेळ, तरीही बरोबरी राहिली तर पेनल्टी शूटआउट.

छोट्या क्लबाला संधी मिळते ती या रचनेमुळेच. ३८ सामन्यांच्या लीगमध्ये दर्जा उघडा पडतो, एका रात्रीत तो झाकता येतो. शिवाय मोठे मॅनेजर या कपात बऱ्याचदा राखीव खेळाडू उतरवतात.

ब्रॅडफर्डची घसरगुंडी

ब्रॅडफर्ड हे उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचं शहर, लोकरीच्या गिरण्यांचं. गिरण्या बंद पडल्या, शहर मागे पडलं. क्लबचं व्हॅली परेड हे मैदान मॅनिंगहॅम भागात आहे, जिथे आज दक्षिण आशियाई वंशाची बरीच कुटुंबं राहतात. या मैदानाचं नाव इंग्लिश फुटबॉलमध्ये एका दुःखद कारणासाठी घेतलं जातं. ११ मे १९८५ ला लिंकन सिटीविरुद्धचा सामना चालू असताना जुन्या लाकडी स्टँडला आग लागली आणि काही मिनिटांत सगळा स्टँड पेटला. ५६ माणसं गेली. त्याच दिवशी सामन्याआधी ब्रॅडफर्डला तिसऱ्या श्रेणीच्या विजेतेपदाची ट्रॉफी दिली गेली होती.

१९९९ मध्ये हा क्लब प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. पहिल्या वर्षी जेमतेम टिकला आणि मग २००० च्या उन्हाळ्यात अध्यक्ष जेफ्री रिचमंड यांनी पैशाची थैली मोकळी सोडली. इटलीचा बेनितो कार्बोने आठवड्याला ४०,००० पौंड पगारावर आला. पुढच्याच वर्षी संघ प्रीमियर लीगमधून खाली पडला आणि पगार मात्र चालूच राहिले. २००२ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या कायद्याखाली प्रशासकाच्या ताब्यात गेला. २००४ मध्ये पुन्हा. २००७ पर्यंत तो चौथ्या श्रेणीत येऊन पडला होता. २०११-१२ मध्ये तर लीग टूमध्येही १८ वा आला. त्याखाली गेलं की लीगच्या बाहेर.

या काळात क्लबने एक शहाणपणाची गोष्ट केली. सीझनची तिकिटं अगदी स्वस्त केली. त्यामुळे २५,००० क्षमतेच्या मैदानावर चौथ्या श्रेणीच्या सामन्यालाही दहा हजारांच्या आसपास लोक यायचे. संघ गरीब होता, पण गर्दी होती. ही गर्दी पुढे कामाला आली.

मॅनेजर होते फिल पार्किन्सन. त्यांच्या हातातला संघ पाहा. स्ट्रायकर जेम्स हॅन्सन हा काही वर्षांपूर्वी सुपरमार्केटमध्ये काम करून हौशी फुटबॉल खेळायचा. गोलकीपर मॅट ड्यूक कॅन्सरमधून बरा होऊन परतलेला. दुसरा स्ट्रायकर नाकी वेल्स बर्म्युडाचा. कर्णधार गॅरी जोन्स ३५ वर्षांचा, कारकिर्दीतली बरीच वर्षं रोशडेलसाठी खेळलेला. बहुतेक जण फुकट आलेले. हॅन्सनसाठी मोजलेले ७,५०० पौंड हाच काय तो आर्सेनलविरुद्ध उतरलेल्या संघाचा खरेदीखर्च. कार्बोनेच्या एका आठवड्याच्या पगारात असे पाच संघ आले असते.

कोणाच्या लक्षातही न आलेल्या तीन फेऱ्या

११ ऑगस्ट २०१२ ला नॉट्स काउंटीच्या मैदानावर पहिला सामना. जादा वेळेत हॅन्सनचा गोल, १-०. दुसऱ्या फेरीत वॉटफर्ड, ब्रॅडफर्डपेक्षा दोन श्रेणी वर. तिथे पिछाडीवरून शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल करून २-१.

तिसऱ्या फेरीत समोर बर्टन ॲल्बियन, म्हणजे चौथ्या श्रेणीतलाच संघ. आणि गंमत अशी की हा सगळा प्रवास इथेच संपत होता. घरच्या मैदानावर ब्रॅडफर्ड ०-२ ने मागे होता आणि दहाएक मिनिटं उरली होती. वेल्सने दोन गोल केले, सामना जादा वेळेत गेला आणि राइट बॅक स्टीफन डार्बीने विजयी गोल मारला. प्रीमियर लीगच्या संघांना लोळवणारा हा संघ आपल्याच श्रेणीतल्या संघापुढे बाद होता होता वाचला होता.

ऑक्टोबरच्या शेवटच्या दोन रात्री

चौथी फेरी म्हणजे या सीझनचा वेडेपणा. ३० ऑक्टोबरला रेडिंगच्या मैदानावर आर्सेनल ३७ मिनिटांत ०-४ ने मागे पडलं. मध्यंतराच्या जरा आधी थिओ वॉलकॉटने एक गोल परत केला. दुसऱ्या हाफच्या अगदी शेवटच्या क्षणी ४-४ झालं आणि जादा वेळेनंतर आर्सेनलने सामना ७-५ ने जिंकला. वॉलकॉटची हॅटट्रिक, एकूण १२ गोल. दुसऱ्या दिवशी चेल्सीने मँचेस्टर युनायटेडला जादा वेळेत ५-४ ने हरवलं. त्याच रात्री स्वान्सीने गतविजेत्या लिव्हरपूलला त्यांच्याच ॲनफिल्डवर ३-१ ने बाहेर काढलं.

या धुमाळीत ब्रॅडफर्डची बातमी कोपऱ्यात राहिली. तेही ३० ऑक्टोबरलाच प्रीमियर लीगच्या विगनकडे गेले होते. १२० मिनिटं गोल होऊ दिला नाही आणि पेनल्टीवर ४-२ ने जिंकले. पुढे मे महिन्यात याच विगनने मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला आणि तीन दिवसांत प्रीमियर लीगमधून खालीही पडलं. इंग्लिश फुटबॉलचं ते वर्षच तसलं होतं.

आर्सेनलची ती रात्र

११ डिसेंबर २०१२. क्वार्टर फायनल, कडाक्याची थंडी, व्हॅली परेडवर २३,९७१ प्रेक्षक. आर्सेनलने राखीव पोरं पाठवली होती, असा समज आजही बऱ्याच पोस्टमध्ये दिसतो. तो चूक आहे. आर्सेन वेंगर यांच्या संघात त्या रात्री शेझनी, सान्या, मर्टेसॅकर, व्हर्मालेन, विल्शर, रॅमसे, काझोर्ला, पोडोल्स्की होते. इंग्लंड, जर्मनी, स्पेन, फ्रान्सचे आंतरराष्ट्रीय खेळाडू.

१६ व्या मिनिटाला जोन्सने फ्री किक आत टाकली आणि गॅरी थॉम्प्सनने पहिल्याच फटक्यात गोल मारला. पुढचा सव्वा तास आर्सेनलकडे चेंडू होता, पण वाट सापडत नव्हती. जेर्विन्योने काही फुटांवरून रिकाम्या गोलसमोर चेंडू बाहेर घालवला, तो व्हिडिओ आजही फिरतो. ८८ व्या मिनिटाला व्हर्मालेनने हेडर मारून १-१ केलं. सगळ्यांना वाटलं, संपलं आता.

इथे एक आकडा महत्त्वाचा. ब्रॅडफर्डने त्याआधीचे आठ पेनल्टी शूटआउट ओळीने जिंकले होते. हे नुसतं नशीब म्हणता येत नाही. छोटा संघ बरोबरी म्हणजे विजयाच्या वाटेवरचा टप्पा मानून खेळतो, मोठ्या संघाला मात्र बरोबरीतच लाज वाटायला लागते. ड्यूकने काझोर्लाची पेनल्टी अडवली. शेवटी ज्याने बरोबरी साधून दिली होती त्या व्हर्मालेनचा फटका पोस्टवर आदळला. ३-२. ओळीने नववा शूटआउट जिंकला आणि चौथ्या श्रेणीतला क्लब सेमीफायनलला.

व्हिला : कॉर्नर आणि डोकं

सेमीफायनलला ॲस्टन व्हिला आलं तेव्हा तेच खरं तर घाबरलेलं होतं. २३ डिसेंबरला चेल्सीने त्यांना ८-० ने हाणलं होतं. पाठोपाठ आणखी दोन मोठे पराभव. मॅनेजर पॉल लॅम्बर्ट यांचा बचाव तरुण पोरांवर उभा होता आणि उंचावरून आलेला चेंडू बघितला की गडबडत होता.

पार्किन्सन यांनी नेमकं तेच हेरलं. ८ जानेवारी २०१३ ला पहिल्या सामन्यात वेल्सने गोल उघडला आणि दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नरवरून रोरी मॅकआर्डल आणि कार्ल मॅकह्यू यांनी हेडर मारले. ३-१. व्हिलाच्या मैदानावरच्या दुसऱ्या सामन्यात बेंटेकेने व्हिलाला पुढे नेलं, स्टेडियम पेटलं. मग ५५ व्या मिनिटाला पुन्हा जोन्सचा कॉर्नर आणि हॅन्सनचं डोकं. व्हिलाचा दुसरा गोल ८९ व्या मिनिटाला आला, तोवर उशीर झाला होता. दोन सामने मिळून ४-३.

हे फार देखणं फुटबॉल नव्हतं, हे मान्य करायला हवं. पण दुबळ्या संघासाठी कॉर्नर आणि फ्री किक हीच समान जमीन असते. तिथे चेंडू थांबलेला असतो, धावण्याचा वेग किंवा पायातली जादू फारशी लागत नाही. जोन्सचा पाय नेमका आणि हॅन्सनची उंची सहा फुटांच्या वर, एवढ्या भांडवलावर हे जमलं.

चौथ्या श्रेणीतल्या संघाने याआधी लीग कपची फायनल फक्त एकदा गाठली होती, १९६२ मध्ये. तो क्लब रोशडेल, ज्याच्याकडे पुढे गॅरी जोन्स वर्षानुवर्षं खेळला. पण तेव्हाची फायनल वेम्ब्लीवर होत नसे आणि त्या वर्षी बरेच मोठे क्लब स्पर्धेतच नव्हते. एकाच सीझनमध्ये प्रीमियर लीगचे तीन संघ हरवून आलेला चौथ्या श्रेणीतला संघ पहिला ब्रॅडफर्डच.

आता स्वान्सीकडे

दुसऱ्या सेमीफायनलमध्ये स्वान्सीने चेल्सीला त्यांच्या मैदानावर २-० ने हरवलं. चेल्सीच्या इवानोविचच्या दोन चुकांची त्यात मदत झाली. परतीचा सामना ०-० सुटला. लोकांना तो आठवतो तो एडन हॅझार्डमुळे. बॉलबॉय चेंडू लवकर देईना म्हणून त्याच्या अंगाखालचा चेंडू काढायला हॅझार्डने लाथ मारली आणि त्याला लाल कार्ड मिळालं.

फायनल ठरल्यावर सगळ्या जगाने ब्रॅडफर्डला परीकथेतला नायक केलं आणि स्वान्सी आपोआप खलनायक झालं. हा स्वान्सीवर अन्याय होता.

३ मे २००३ ला स्वान्सी चौथ्या श्रेणीच्या शेवटच्या दिवशी हल सिटीविरुद्ध खेळत होता. हरला असता तर लीगच्या बाहेर जाण्याची वेळ होती. पिछाडीवरून तो सामना ४-२ ने जिंकला आणि क्लब टिकला. त्या दिवशी ब्रॅडफर्ड कुठे होता? दुसऱ्या श्रेणीत. स्वान्सीच्या दोन पायऱ्या वर.

नंतरच्या दहा वर्षांत स्वान्सी चढत गेला. बुडता क्लब स्थानिक लोकांनी हातात घेतला होता आणि चाहत्यांच्या ट्रस्टकडे सुमारे पाचवा हिस्सा होता. २०११ मध्ये तो प्रीमियर लीगमध्ये आला, वेल्समधला तिथे पोहोचलेला पहिला क्लब. मॅनेजर मायकेल लाउड्रप यांनी २० लाख पौंडांत स्पेनहून आणलेला मिचू त्या वर्षी गोलमागून गोल करत होता. मिडफिल्डर लिऑन ब्रिटन हल सिटीविरुद्धच्या त्या संघातही होता आणि वेम्ब्लीवरच्या संघातही. म्हणजे एकाच जिन्यावर एक क्लब वर जात होता, दुसरा खाली येत होता आणि दोघांची गाठ वेम्ब्लीवर पडली.

फायनल

२४ फेब्रुवारी २०१३, प्रेक्षक ८२,५९७. त्यातले तीस हजारांहून अधिक ब्रॅडफर्डचे.

सामना म्हणून सांगण्यासारखं फार नाही. सात सामन्यांत जे झाकलं गेलं होतं ते इथे उघडं पडलं. वेम्ब्लीचं मैदान मोठं, गवत गुळगुळीत आणि स्वान्सीने चेंडूच दिला नाही. कॉर्नरच मिळेना, मग हॅन्सनच्या डोक्याचा उपयोग काय? १६ व्या मिनिटाला नेथन डायर, ४० व्या मिनिटाला मिचू, मध्यंतरानंतर लगेच पुन्हा डायर. त्यानंतर ड्यूकने योनाथन डी गुझमनला पाडलं आणि त्याला लाल कार्ड मिळालं. पेनल्टीसाठी डायर हॅटट्रिकच्या आशेने भर मैदानात डी गुझमनशी भांडला, पण चेंडू डी गुझमननेच घेतला आणि गोलही केला. शेवटच्या क्षणी त्याचाच आणखी एक. ५-०. लीग कपच्या फायनलमधला तो सगळ्यात मोठ्या फरकाचा विजय.

ब्रॅडफर्डचे चाहते मात्र झेंडे हलवत गात राहिले, चार गोल खाल्ल्यावरही. क्लबच्या शंभर वर्षांच्या इतिहासातली पहिली मोठी ट्रॉफी स्वान्सीने उचलली, तेव्हा त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

पैशाचं काय झालं?

लीग कपचं बक्षीस हास्यास्पद वाटावं इतकं छोटं होतं. विजेत्याला १ लाख पौंड. प्रीमियर लीगच्या मोठ्या खेळाडूचा आठवड्याचा पगार तेवढा असायचा. पण चौथ्या श्रेणीच्या क्लबाला खरी कमाई होते ती भरलेल्या मैदानाच्या तिकिटांतून आणि टीव्हीवर दाखवलेल्या सामन्यांतून. दहा वर्षांत दोनदा प्रशासकाच्या दारात जाऊन आलेल्या क्लबासाठी तो पैसा म्हणजे श्वास होता.

कपाची किंमत लीगमध्ये मोजावी लागली. सामने साठले, खेळाडू थकले आणि फायनलनंतर ब्रॅडफर्ड बढतीच्या शर्यतीत मागे होता. तिथून त्यांनी सातवा क्रमांक गाठला, म्हणजे प्लेऑफची शेवटची जागा. प्लेऑफच्या सेमीफायनलमध्ये समोर पुन्हा बर्टन. घरी २-३ ने हरले, बाहेर जाऊन ३-१ ने जिंकले. १८ मे २०१३ ला तीन महिन्यांत दुसऱ्यांदा वेम्ब्ली, आणि या वेळी नॉर्दॅम्प्टनवर ३-० ने विजय. गोल कोणाचे? हॅन्सन, मॅकआर्डल आणि वेल्स.

स्वान्सीला कपामुळे युरोपा लीगचं तिकीट मिळालं आणि सप्टेंबर २०१३ मध्ये त्यांनी व्हॅलेन्सियाला स्पेनमध्ये जाऊन ३-० ने हरवलं. ब्रॅडफर्डने जानेवारी २०१५ मध्ये एफए कपात मोरिन्योच्या चेल्सीला स्टॅमफर्ड ब्रिजवर ४-२ ने हरवलं, तेही ०-२ अशा पिछाडीवरून. पार्किन्सन तेच होते.

लीग कपचे नियम नंतर बदलले. २०१८-१९ पासून सुरुवातीच्या फेऱ्यांत जादा वेळ काढून टाकला, बरोबरी झाली की थेट पेनल्टी. छोट्या संघांना हे सोयीचं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबी टाउनने मँचेस्टर युनायटेडला याच कपात पेनल्टीवर १२-११ ने बाहेर काढलं.

आणि जिना? स्वान्सी २०१८ मध्ये प्रीमियर लीगमधून खाली आला. ब्रॅडफर्ड २०१९ मध्ये पुन्हा चौथ्या श्रेणीत पडला आणि तिथे सहा वर्षं अडकला. ३ मे २०२५ ला, सीझनच्या शेवटच्या सामन्यात, ९६ व्या मिनिटाच्या गोलवर तो तिसऱ्या श्रेणीत परतला. व्हॅली परेडवरचे लोक मैदानात धावत आले.